परिषदेला जाणाऱ्या बाई

मुरुडच्या बाई दरवर्षी नाताळात मुंबईला परिचारिकांच्या परिषदेला जात आणि जाताना बरोबर फक्त मेलेल्या बायकांची टिपणं नेत. इतर गावांतून येणाऱ्या नर्सबाया शिफारसपत्रं आणीत, नव्या इमारतीचे फोटो आणीत, वर्षभरात सुखरूप सुटलेल्या बाळंतिणींचा आकडा घोकून येत. बाईंच्या कापडी पिशवीत दोन-चार कागद असत. त्या वर्षी आमच्या सूतिकागृहात जी बाई गेली तिचं वय, कितवं बाळंतपण, कळा केव्हा सुरू झाल्या, ताप केव्हा चढला, आम्ही काय केलं आणि काय करायचं राहिलं, एवढंच त्यावर लिहिलेलं. मी एकदा म्हटलं, "बाई, चांगलं झालेलंही न्या की थोडं." त्या म्हणाल्या, "चांगलं झालं ते तिच्या सासूला सांग गो. ती साखर ठेवील हातावर. परिषदेत सांगून काय व्हायचंय?"

रत्नागिरीला तेव्हा कुणा दानशूर गृहस्थाच्या देणगीतून आठ खाटांचं एक सूतिकागृह उभं राहिलं होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, मागे विहीर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन जात. बाकी सगळं बाईंवर. बाई दापोलीकडच्या मुरुडच्या. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, पुढे भावाने पुण्याला शिकायला धाडलं, तिथून दाईपणाचं शिक्षण घेऊन त्या आमच्या गावी आल्या. मीही त्यांच्यासारखीच लहानपणी विधवा होऊन माहेरी परतलेली. दादा कचेरीत कारकून होता. त्याने आईचा विरोध मोडून मला बाईंच्या हाताखाली शिकायला घातलं आणि चारेक वर्षांत मी तिथली दुसरी नर्स झाले. बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या. आवाज बारीक, पण वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाची भिकी मोलकरीण हातातलं फडकं ठेवून उभी राही.

पहिल्यांदा त्यांनी मला परिषदेला नेलं तेव्हा मी हरखून गेले होते. बंदरावरून पडावात बसून आगबोटीपर्यंत जाणं, मुंबई, तो दिवाणखान्यासारखा सभामंडप, खुर्चीत बसलेल्या गोऱ्या मेट्रनबाई. तीन दिवसांत मी एकही व्याख्यान सोडलं नाही. मिळतील ती पत्रकं गोळा केली, वही भरून टाकली. बाई मात्र निम्म्या वेळा मंडपात नसतच. त्या बाहेरच्या पडवीत, चहाच्या टेबलापाशी, कुठल्या तरी आडगावच्या नर्सबाईला गाठून बसलेल्या असत. मी कुरकुरले तर म्हणाल्या, "व्याख्यान छापून येतं. माणूस छापून येत नाही."

दरवर्षी त्या एकच प्रश्न घेऊन जात. निघण्याआधी आठ दिवस तो ठरे. दहा प्रश्न नेले की दहा जण नुसती मान हलवतात, एकच नेला की कुणीतरी उत्तर देतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तो प्रश्न त्या ओळखीच्या माणसाला कधी विचारीत नसत. ओळखीचा माणूस आपल्याला बरं वाटेल असं बोलतो, म्हणत. खानदेशातल्या एका मिशनच्या दवाखान्यातली नर्स, कारवारकडची एक म्हातारी दाई, अशा लोकांकडून त्यांनी जे मिळवलं त्यावर आमचं सूतिकागृह चाले. चादरी नुसत्या धुवायच्या नाहीत, उकळायच्या, हे कारवारच्या म्हातारीचं. नाळ कापायची कात्री प्रत्येक वेळी नव्याने पाण्यात घालून चुलीवर ठेवायची, हे खानदेशचं. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायची प्रथा होती. त्या गडबडीत मोठे डॉक्टर थोडा वेळ मोकळे सापडतात म्हणून बाई नेमक्या तेव्हा त्यांना गाठीत. त्यामुळे एकाही फोटोत बाई नाहीत.

परतताना बोटीवर त्या लिहायला बसत. बोट कितीही हलो, रत्नागिरीच्या आधीचं जयगड बंदर यायच्या आत लिहून झालं पाहिजे. बंदराला पाय लागला की गाव सुरू होतं, मग राहून जातं, असं म्हणत. त्या पहिल्या वर्षी मी माझी भरलेली वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती सगळी चाळली आणि विचारलं, "यातलं उद्या सकाळी काय करशील?" मला एकही गोष्ट सांगता आली नाही. त्या रागावल्या नाहीत. वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा आपलं लिहू लागल्या.

मी सांगते आहे ते वर्ष याच्या पाच-सहा वर्षांनंतरचं. नवरात्रात बाईंचा घसा बसला होता. मिठाच्या गुळण्या करीत त्या कामावर येतच राहिल्या, आठ दिवसांत बऱ्याही झाल्या. आम्ही कुणी ते ध्यानात ठेवलं नाही. दसऱ्यानंतर एक बाळंतीण तिसऱ्या दिवशी थंडी वाजून तापली आणि सातव्या दिवशी गेली. दिवाळीच्या आधी दुसरी गेली, मासेमारीच्या होडीवरच्या एका तांडेलाची बायको, मिरकरवाड्यातली. दिवाळी झाल्यावर तिसरी. सगळ्यांचा बाळंतज्वर एकाच तऱ्हेचा. बाईंनी गाद्या जाळल्या, भिंतींना चुना दिला, विहीर उपसून घेतली, दहा दिवस वॉर्ड बंद ठेवला. स्वतःचे हात तर इतके घासत की कोपरापर्यंत कातडी सोलवटून निघाली होती. गावात लोक म्हणू लागले की ती जागाच वाईट आहे.

त्यातच माझ्या वहिनीचे दिवस भरले. ती राजापूरची. घरात आली तेव्हापासून आमच्या मुक्या घराला तोंड फुटलं होतं. आईसुद्धा तिच्या बोलण्यावर पदराआड हसायची. सात वर्षांनी तिला दिवस राहिले होते. आई म्हणत होती, गावची सुईण बोलावू, तिकडे नको. मीच हट्ट धरला. बाईंच्या हातांवर माझा विश्वास होता. दहा दिवसांनी वॉर्ड उघडला तेव्हा पहिली बाळंतीण वहिनी. बाईंनी सगळं स्वतः केलं, मला नुसतं पाणी देऊ दिलं. मुलगी झाली. वहिनी दमून हसली आणि म्हणाली, "वन्सं, नाक तुमचं आलंय, बिचारीचं लग्न कसं व्हायचं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. मी दोन पांघरुणं घातली आणि बाईंकडे पाहिलं. बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढचे पाच दिवस त्या खाटेपासून हलल्या नाहीत. वहिनीच्या तोंडावर वाकून त्या तिला पाणी पाजत, कपाळ पुसत. आता हे लिहितानाही ते वाकणं डोळ्यांपुढे येतं आणि लेखणी थांबते. आठव्या दिवशी वहिनी गेली. आईने घरी तिच्यासाठी तयार ठेवलेल्या रिकाम्या खोलीकडे बघत म्हटलं की पोर पांढऱ्या पायाची निघाली, आली ती आईला गिळून. त्या दिवसापासून आईने मुलीला मांडीवर घेतलं नाही. मी आणि शेजारची एक बाई मिळून तिला बकरीच्या दुधावर वाढवू लागलो. तिचं बारसंही झालं नाही.

परिषदेला निघायच्या आधी सूतिकागृहाचे चिटणीस बाईंना भेटायला आले. सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले की या चार प्रकरणांची वाच्यता मुंबईत करू नये, देणगीदारांच्या कानावर गेलं तर संस्था बंद पडेल आणि मग गरिबांच्या बायकांनी जायचं कुठे? बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचवी गेली तर तिच्या घरी तुम्ही याल का सांगायला?" ते टोपी डोक्यावर चढवून निघून गेले. बाईंनी चार कागद पिशवीत घातले. वहिनीचा कागद लिहिताना त्यांनी मला जवळ बसवून घेतलं होतं आणि वेळा माझ्याकडून पडताळून घेतल्या होत्या. त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले ती शिकायला गेले नव्हते. माझी वहिनी का गेली हे मला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

परिषदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाळंतज्वरावर व्याख्यान होतं. विलायतेहून नुकतेच आलेले एक तरुण मराठी डॉक्टर बोलत होते. जेवणानंतरची वेळ, अर्धा मंडप पेंगलेला. व्याख्यान संपलं आणि बाई उभ्या राहिल्या. मराठीतच, बारीक आवाजात त्यांनी चारही कागद वाचले. मध्येच अध्यक्षीणबाईंनी घंटा वाजवली. बाई थांबल्या नाहीत. पेंगणाऱ्या बाया आता जाग्या होऊन वळून बघत होत्या. कुणीतरी म्हणालं की असलं चारचौघांत वाचतात का. बाईंनी शेवटी त्यांचा त्या वर्षीचा प्रश्न विचारला: हात, हत्यारं, कपडे, पाणी, जागा, सगळं शुद्ध केल्यावर आता काय उरलं?

डॉक्टरांनी चष्मा काढला. विचारलं, "या चारही बाळंतपणांना एकच कुणी हजर होतं का?"

"हो. मी."

"गेल्या काही महिन्यांत तुमचा घसा दुखला होता?"

मी शेजारीच बसले होते. बाईंनी हातातले चारही कागद एकावर एक नीट लावले. मग त्या म्हणाल्या, "नवरात्रात."

डॉक्टर व्यासपीठावरून खाली आले. हे सर्वांदेखत बोलायचं नाही, असं त्यांनी हळूच सांगितलं, आणि संध्याकाळी आम्हाला एका प्रयोगशाळेत नेलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: घसा बरा झाला तरी कुणाकुणाच्या घशात ते जंतू राहतात, त्याला स्वतःला काही होत नाही, पण त्याच्या बोलण्यातून, खोकल्यातून ते बाळंतिणीपर्यंत पोचतात. विलायतेत आता तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणी बाळंतिणीजवळ जात नाही. आम्हा दोघींच्याही घशात कापसाचा बोळा फिरवून त्यांनी तो काचेच्या नळीत ठेवला. तिसऱ्या दिवशी या म्हणाले. परिषद संपली, सगळ्या बाया मेट्रनबाईंच्या चहापानाला गेल्या. आम्ही गिरगावात माझ्या मावशीकडे बसून राहिलो. बाईंनी ते दोन दिवस तोंडाला पदर धरला होता आणि मावशीच्या सुनेशी एक शब्द बोलल्या नाहीत. मावशीला वाटलं, बाई फार गर्विष्ठ आहेत.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. बाईंनी ती वाचली आणि मला म्हणाल्या, "गोदे, तुझा घसा स्वच्छ आहे. मोठं काम झालं." चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "माझा नाही."

मी त्यांच्या शेजारी बाकावर होते ती उठले आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. यात त्यांचा दोष नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं. तरी उठले. त्यांनी ते पाहिलं. बोटीवरही मी डेकच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी मलमलीचं फडकं चौपदरी करून तोंडाला बांधलं होतं. कुणा उतारूने त्यांना जैन साध्वी समजून नमस्कार केला. एक लहान मूल रांगत त्यांच्याजवळ गेलं तेव्हा त्या उठून कठड्यापाशी गेल्या आणि समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जयगडच्या आत त्यांचं लिहून झालं होतं.

रत्नागिरीला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं, भिकीलाही, आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. चिटणिसांनी सुचवलं की प्रकृतीचं कारण सांगून रजेवर जावं, गावात बोभाटा नको. बाई म्हणाल्या, "मी चार घरी जाऊन येते. मग तुम्ही सांगाल ते करीन." आणि त्या गेल्या. पहिल्या घरी त्यांना कुणी आत घेतलं नाही. मिरकरवाड्यात त्या तांडेलाने जाळं विणणं थांबवून सगळं ऐकलं आणि पुन्हा जाळं हातात घेतलं, पण त्याच्या आईने मासे धुतलेलं पाणी बाईंच्या अंगावर ओतलं. बाई तशाच ओल्या लुगड्याने तिसऱ्या घरी गेल्या. आमच्या घरी आल्या तेव्हा ते वाळलं होतं, वास मात्र येत होता.

दादा ओटीवर होता. मी दाराआड, आई आत. बाई अंगणातच थांबल्या, पायरी चढल्या नाहीत. फडक्यातून त्यांचा आवाज नीट येत नव्हता म्हणून दादा दोन पावलं पुढे झाला तर त्यांनी हाताने त्याला तिथेच थांबवलं आणि सगळं सांगितलं.

दादाने विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग कशाला आलात सांगायला? आम्ही नशीब म्हणून गप्प बसलो होतो ना."

बाईंनी आवाज चढवला. मला वाटतं तो माझ्या आईसाठी चढवला होता. "तुम्ही नशीब म्हणताहात तोवर ठीक आहे. घरात पोरीला पांढऱ्या पायाची म्हणतात. ती पोरीच्या पायाने नाही गेली. माझ्या घशाने गेली. हे पोरीला कळत्या वयात कुणीतरी सांगा."

दादा खाली बसला आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा रडला. बाई निघून गेल्या. आईने त्या दिवशी मुलीला उचललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी मी कामावरून आले तर आई माजघरात पाय पसरून बसली होती आणि पायांवर मुलगी होती. आई तिला तेल लावत होती. मला पाहून म्हणाली, "हिचं नाव ठेवायचं राहिलंय."

बाईंना संस्थेने काढलं. पुढच्या नाताळापर्यंत त्या गावातच एका खोलीत राहिल्या, बाळंतपणाला हात लावला नाही. मला मात्र संध्याकाळी खिडकीतून शिकवीत, मी अंगणात उभी राहून ऐके. वॉर्डात आम्ही सगळ्या तोंडाला फडकं बांधू लागलो. त्या वर्षी तिथे कुणी दगावलं नाही. नाताळात बाई स्वतःच्या पैशाने परिषदेला गेल्या, बरोबर मीही होते, आणि यावेळी त्यांनी प्रश्न न विचारता निबंध वाचला, आपल्याच चार मृत्यूंचा, आपल्याच घशाचा. काही बाया उठून गेल्या. एकीने धंद्याला काळिमा लावला म्हणून खरमरीत भाषण केलं. पण खानदेशची ती मिशनची नर्स त्याच संध्याकाळी आपला घसा तपासून घ्यायला गेली आणि तिच्या मागून आणखी सात-आठ जणी. मी त्यांना प्रयोगशाळेच्या जिन्यात रांगेने उभं राहिलेलं पाहिलं. बाईंचा घसा त्या खेपेला स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, आता काम करायला हरकत नाही. बाई म्हणाल्या, "आजचं तुम्ही सांगितलंत. परवाचं कोण सांगेल?"

मग त्यांनी मुरुडला, भावाच्या घरी जायचं ठरवलं. हर्णैपर्यंत आगबोटीने. त्यांना पोचवायला बंदरावर मी आणि भिकी, दोघीच होतो. त्या बाकावरून मी उठले होते त्याबद्दल मला काहीतरी बोलायचं होतं. शब्द जुळवून ठेवले होते. पडाव लागला तसं बाईंनी मला विचारलं की वॉर्डात आता कोण आहे. मी म्हटलं, नवी मुलगी आहे, कळा येणारी एकच बाई आहे, पहिलटकरीण, अजून वेळ आहे. त्या एकदम चिडल्या. "पहिलटकरीण नव्या पोरीवर टाकून तू इथे उभी? मला काय पोचवायचंय? जा." मी गेले. जे बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

दोन वर्षांनी, पावसाळा संपून बोटी सुरू झाल्यावर बाईंचा पुतण्या कोर्टाच्या कामाने रत्नागिरीला आला आणि विचारत विचारत सूतिकागृहात पोचला. बाई श्रावणात गेल्या होत्या. आधी घसा धरला, मग छातीत कफ भरला. घरात त्याची बायको गरोदर होती, नववा महिना. आजारी पडल्याच्या दिवसापासून बाईंनी तिला खोलीत येऊ दिलं नाही. बाकीच्यांनी समजावलं, तिने स्वतः दाराशी बसून विनवलं. ती पेज घेऊन आलीच तेव्हा बाईंनी उठून आतून कडी घातली. मग कुणालाच उघडली नाही. तिसऱ्या दिवशी हाकेला ओ आली नाही म्हणून कडी तोडली.

मग तो संकोचत म्हणाला, "गावात लोक म्हणतात, आत्याला शेवटी वेड लागलं. तुम्ही तिच्याबरोबर इतकी वर्षं होतात. खरंच का हो?"

मी त्याला विचारलं, "तुमच्या बायकोला बाळंतपणात ताप आला का?"

"नाही. सुखरूप सुटली. मुलगा झाला."

"तिसऱ्या दिवशी?"

"नाही आला."

"मग नव्हतं वेड," मी म्हटलं, आणि त्याला बसायला पाट दिला.